ठेवलेली नावे, घेतलेली नावे

टोपणनावाने लिहिणाऱ्याचे लेखन गंभीरपणे घ्यावे काय, हा प्रश्न निदान मराठीच्या वर्गात तरी पडू नये. जो अध्यापक सकाळच्या तासाला केशवसुतांपासून आधुनिक मराठी कविता सुरू झाली असे सांगतो, आणि पुढे बी, गोविंदाग्रज, बालकवी, माधव जूलियन, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस अशी वाट चालत जातो, तोच अध्यापक दुपारी एखाद्या विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत आंतरजालावरचे सदस्यनाम दिसले की थबकतो. समजा, ते नाव 'खुळखुळा' असे असेल तर हसूही येते. 'याचे खरे नाव काय?' असे विचारले जाते, आणि विद्यार्थ्याला ते ठाऊक नसेल तर नोंद खोडली जाते. सकाळी जी परंपरा होती तीच दुपारी पोरकटपणा ठरते.

या विसंगतीच्या समर्थनार्थ दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, असे नाव खोटे असते. दुसरा असा की, असे नाव घेणारा बेजबाबदार असतो. मला पहिला आक्षेप सर्वस्वी चुकीचा वाटतो आणि दुसरा अर्धा बरोबर. त्या अर्ध्या भागाकडे नीट पाहिले तर टोपणनाव कधी गंभीरपणे घ्यावे आणि कधी घेऊ नये, याची कसोटी हाती लागते. म्हणून दोन्ही क्रमाने पाहू.

खरे नाव म्हणजे कोणते? जन्मदाखल्यावरचे, असे उत्तर आपण सहज देतो. पण आपल्या समाजात नावे इतकी सरळ कधीच चाललेली नाहीत. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. 'बाळ' ही घरातली हाक, आणि तीच पुढे इतिहासाने स्वीकारली. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. त्यातला 'नाना' घरगुती आणि 'फडणवीस' हा हुद्दा. 'वासूनाका'चे लेखक भाऊ पाध्ये यांचे नाव प्रभाकर. पण प्रभाकर पाध्ये या नावाचे एक नामवंत लेखक-समीक्षक आधीच होते, तेव्हा घरची हाक ग्रंथांच्या मुखपृष्ठावर आली. नारायण सुर्वे यांना नाव आणि आडनाव मिळाले ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने अनाथ मुलाला घरी आणले म्हणून. या नावांपैकी खोटे कोणते म्हणायचे?

कुसुमाग्रजांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. कवितेसाठी त्यांनी धाकट्या बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले. म्हणजे कागदोपत्री नाव दत्तक घराशी जोडलेले, आणि ज्याला आपण टोपणनाव म्हणतो ते जन्मघरातल्या भावंडांच्या नात्याशी जोडलेले. माणसाच्या आयुष्याविषयी यातले कोणते नाव अधिक खरे बोलते, हे ठरवणे सोपे नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर 'खरे नाव' ही कल्पनाच ढासळते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडे याही माहेरी यमुनाच होत्या. दोघींचीही ही नावे पुसली गेली आणि त्यात कुणालाही काही खोटे वाटले नाही. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने. त्यामागच्या लेखिका तेव्हा बाळूताई खरे होत्या आणि 1938 नंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. खरे हे आडनाव जन्माने मिळालेले, बेडेकर हे विवाहाने आलेले. लेखनासाठी त्यांनी स्वतः धारण केलेले नाव विभावरी शिरूरकर. नेमके तेच आपण 'टोपण' म्हणून बाजूला काढतो. दुसऱ्यांनी ठेवलेले नाव खरे आणि स्वतः विचारपूर्वक घेतलेले नाव खोटे, असा हा उफराटा न्याय आहे.

आता नावाच्या सहीचा प्रश्न. मराठी काव्यात तो छापखान्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही कवीची सहीच होय. पण ही सही जन्मनावाची असलीच पाहिजे असा दंडक कधीच नव्हता. एकनाथांनी स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडून 'एका जनार्दनी' अशी मुद्रा केली. जनाबाईंच्या मुद्रेत नामदेव आहेत. ज्ञानदेवांच्या अनेक अभंगांच्या शेवटी तर 'बापरखुमादेवीवर' विठ्ठलच उभा राहतो. जांबच्या सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण 'रामदास' झाला, आणि दासबोधाचा अभ्यासक त्यांचा उल्लेख ठोसर असा करताना मी कधी पाहिलेला नाही. आपण कोणाचे आहोत, कोठे उभे राहून बोलतो आहोत, हे सांगणे हे या मुद्रांचे काम होते. शासकीय ओळख पटवणे हे त्यांचे काम नव्हतेच.

मुद्रेचे धोकेही परंपरेने भोगले आहेत. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा या कवीची रचना मिसळली, आणि कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हे ठरवण्यासाठी अभ्यासकांना भाषा, आशय, संदर्भ आणि हस्तलिखिते तपासत बसावे लागले. तुकोबांच्या अभंगांत सालोमालोवर कोरडे ओढलेले आहेत. दुसऱ्याच्या अभंगावर आपली मुद्रा ठोकणारा तो, असे परंपरा सांगते. एकच नाव दोघांचे असणे, एकाच्या नावावर दुसऱ्याने लिहिणे, दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणे, या आजच्या सदस्यनामांच्या तक्रारी आहेत असे आपण समजतो. त्या निदान चारशे वर्षे जुन्या आहेत. आणि तेव्हा संशोधकांनी 'मुद्रा संशयास्पद आहे, सबब वाचूच नका' असा निर्णय दिला नाही. त्यांनी पाठ तपासला. आपल्या विद्याशाखेचे ते मूळ कामच आहे.

यावर कोणी म्हणेल, संतांची मुद्रा वेगळी आणि 'खुळखुळा' वेगळा. नाव विनोदी असले की त्यामागचे लेखनही थिल्लर असणार, अशी एक समजूत असते. याला उत्तर 'ललित' मासिकाने देऊन ठेवले आहे. तेथे जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने वर्षानुवर्षे सदर लिहीत होते. ठणठणपाळ म्हणजे ज्याच्या गाठीला काही नाही असा, विद्येच्या नावानेही शून्य. असे नाव धारण केलेल्या माणसाने साहित्यव्यवहारातल्या भल्याभल्यांची टोपी उडवली. पुस्तके, पुरस्कार, संमेलने, लेखकांचे अहंकार यांच्यावरचे ते लेखन त्या काळच्या साहित्यविश्वाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तेथे नावातला रिकामेपणा ही भूमिकाच होती. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही तोच असे बोलू शकतो, हे नाव पहिल्यांदाच सांगून टाकत होते. गडकऱ्यांनीही हे जाणले होते. कविता गोविंदाग्रजांची, विनोद बाळकरामाचा, आणि नाटके राम गणेश गडकरी यांची. एकाच लेखकाने वाचकाशी तीन वेगवेगळे करार केले, आणि कोणत्या दाराने आत आलो म्हणजे काय मिळेल हे वाचकाला नावावरूनच कळू लागले. खानोलकरांची कविता आरती प्रभूंची आणि कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची, हेही याच जातीचे.

कोणत्याही नावाला प्रतिष्ठा जन्मतः नसते. 'बी' हे एकाक्षरी नाव पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटलेच असेल. माणिक गोडघाटे यांनी 'ग्रेस' हे नाव घेतले तेव्हा तेही कानाला परके वाटले असणार. आज 'ग्रेस' म्हटले की डोळ्यांपुढे एक विशिष्ट कविता उभी राहते, आणि ती आवडणारे व न आवडणारे दोघेही त्या नावाला हसत नाहीत. लेखनाने नावाला वजन दिले. पुढेमागे 'खुळखुळा' या नावाला असे वजन येणारच नाही, असे आज कोणत्या आधारावर म्हणता येईल?

नाव बाजूला ठेवण्याचे आणखी एक कारण आपल्या समाजात आहे, आणि ते सर्वांत गंभीर आहे. महाराष्ट्रात आडनाव हे नुसते आडनाव नसते. ते वाचताच वाचकाच्या मनात जात, प्रदेश, कित्येकदा गावसुद्धा उमटते. लेखाची पहिली ओळ वाचण्यापूर्वीच लेखक 'आपला' की 'त्यांचा' याचा निवाडा झालेला असतो. आपण समीक्षक मंडळी यातून मुक्त आहोत असा दावा कोणी करू नये. मध्ययुगीन साहित्यावरचा तोच लेख एका आडनावाने आला तर 'व्यासंग' आणि दुसऱ्या आडनावाने आला तर 'भूमिका' म्हणून वाचला जातो, हे चर्चासत्रांतून आपण पाहतो. सदस्यनाम ही खूण काढून घेते. वाचकाला निदान काही काळ तरी वाक्यांवर अवलंबून राहावे लागते. मराठी वाचनव्यवहारात ही सोय पूर्वी फारशी नव्हती, आणि ती लहान गोष्ट नाही.

पण येथे एक सावधगिरी हवी. नाव झाकणे म्हणजे मुक्ती, असे सरसकट म्हणता येत नाही. दया पवार यांचे 'बलुतं' 1978 साली आले. त्याची रचनाच दोन नावांवर उभी आहे: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला, शहरात स्थिरावलेला, लेखक म्हणून ओळखला जाणारा 'दया' आणि जन्माने लाभलेला 'दगडू' यांतले अंतर हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदासूचक असावे असे सांगितले आहे. ज्या समाजात नाव हेही अवहेलनेचे साधन होते, तेथे जुने नाव पुन्हा उच्चारणे, सर्वांसमोर उच्चारणे, हेच लेखकाचे धाडस ठरते. दलित आत्मकथनांनी नाव, गाव आणि जात उघडपणे सांगून जे साधले ते टोपणनावाने साधले नसते. तेव्हा नाव झाकण्यातही अर्थ असतो आणि उघडे करण्यातही. मात्र ते कोणी आणि केव्हा करायचे हे ज्याचे नाव आहे त्याने ठरवायचे असते. 'खरे नाव सांगा' अशी सक्ती करणारा वाचक हा अधिकार हिरावून घेत असतो.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे बेजबाबदारपणाकडे वळू. आंतरजालावर नाव लपवून शिवीगाळ होते, खोट्या कंड्या पिकवल्या जातात, स्त्रियांना त्रास दिला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु येथे आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो. निनावी असणे वेगळे आणि टोपणनावाने असणे वेगळे. निनावी पत्राला काल नसतो आणि उद्याही नसतो. ते लिहिणारा आजच्यापुरता असतो. उद्या त्याला जाब विचारावा तर तो तेथे नसतो. टोपणनावाला काल असतो. 1848 पासून 'प्रभाकर' या पत्रात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. त्यामागचे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि ती पत्रे त्यांच्याच ज्ञातीच्या रूढींवर प्रहार करीत होती. नाव घेतलेले होते, पण ते एका पत्रापुरते नव्हते. पत्रामागून पत्र त्याच नावाने आले, भूमिका साचत गेली, आणि आधीच्या पत्रात काय म्हटले होते हे कोणालाही दाखवून देता येत होते. दहा वर्षे एकाच सदस्यनामाने लिहिणारा माणूसही असाच बांधला गेलेला असतो. त्याची पत त्या नावात साठलेली असते, आणि खोटे बोलला तर ती बुडते. त्याचे पारपत्रावरचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी त्याचा इतिहास ठाऊक असतो. उलट, छापील नाव असूनही ज्याच्या लेखनाला मागचापुढचा काही संबंध नाही असे लेखक आपण पाहतोच.

म्हणून नावापेक्षा त्या नावाने कोणत्या प्रकारचे विधान केले आहे हे पाहावे. माझ्या मते विधानांचे तीन प्रकार होतात. पहिला प्रकार युक्तिवादाचा. मर्ढेकरांच्या एखाद्या कवितेचा अन्वय, एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती, एखाद्या कादंबरीच्या रचनेवरचा आक्षेप, हे सारे पुराव्यासह वाचकापुढे ठेवलेले असते. ते बरोबर की चूक हे पाहण्यासाठी लेखकाचे नाव लागतच नाही. येथे 'खुळखुळा' आणि विद्यापीठाचा विभागप्रमुख एकाच पायरीवर उभे आहेत, आणि तसेच असले पाहिजे. दुसरा प्रकार साक्षीचा. 'मी हे पाहिले, मी हे भोगले' असे जेथे म्हटले जाते तेथे बोलणारा कोण याला महत्त्व येते. पण तेथेही टोपणनाव आपोआप बाद होत नाही. विभावरी शिरूरकरांच्या पुस्तकाने केवढी खळबळ उडाली. सुशिक्षित, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले त्यात आले होते. लेखिका कोण याचे कुतूहल कितीही असो, त्या लेखनाची साक्ष पटली ती त्यातल्या तपशिलाच्या खरेपणामुळे. साक्षीचे लेखन सावकाश वाचावे, त्याच नावाचे इतर लेखन शेजारी ठेवून वाचावे, एवढेच पथ्य. तिसरा प्रकार आरोपाचा. एखाद्या जिवंत, नाव घेतलेल्या व्यक्तीवर चोरीचा, लाचेचा, गैरवर्तनाचा आळ घेतला जातो तेव्हा आरोप झालेला माणूस उजेडात आणि करणारा अंधारात, ही स्थिती न्याय्य नाही. काही वेळा दुर्बळाला दुसरा मार्ग नसतो हे मान्य. पण अशा वेळी वाचकाने कान द्यावा, निकाल देऊ नये. युक्तिवादाला नाव नको, साक्षीला लेखनाचा इतिहास हवा, आरोपाला समोरासमोर उभे राहणारा माणूस हवा. टोपणनाव गंभीरपणे घ्यावे की नाही, या प्रश्नाचे एकच उत्तर म्हणूनच देता येत नाही.

हा सारा ऊहापोह करण्याचे कारण निव्वळ तात्त्विक नाही. गेल्या पंचवीसएक वर्षांत मराठीत बरेचसे लेखन सदस्यनामांनी झाले आहे. त्यात सुमार भरताड पुष्कळ आहे. ते कोणत्या काळात नसते? पण बोलीभाषांतले ललित लेखन, परदेशातल्या मराठी घरांची वर्णने, पाककृतींतून सांभाळलेला शब्दसंग्रह, जुन्या पुस्तकांची रसाळ परीक्षणे, इतर भाषांतून केलेली भाषांतरे, असे कितीतरी त्यात आहे, आणि छापील नियतकालिकांतून त्यातले फार थोडे आले. ज्यांनी ते लिहिले त्यांतले पुष्कळ जण अभियंते, गृहिणी, कारकून आहेत. त्यांना साहित्यिक म्हणवून घ्यायचे नव्हते, म्हणूनच कदाचित ते मोकळेपणाने लिहू शकले. संकेतस्थळे बंद पडतात, पाने नाहीशी होतात. आज आपल्या विद्यार्थ्याने ती नोंद केली नाही, तर उद्याच्या संशोधकाला विष्णुदास नाम्याचे कोडे पुन्हा सोडवावे लागेल, आणि या वेळी हाताशी हस्तलिखितही नसेल.

तेव्हा मार्गदर्शक म्हणून आपण काही साध्या गोष्टी पाळू शकतो. सदस्यनाम जसे आहे तसे, त्याच्या मूळ शुद्धलेखनासह, संदर्भसूचीत लिहू द्यावे. 'अनामिक' किंवा 'आंतरजालावरून साभार' असे लिहून ते पुसू नये, कारण ज्याने सही केली आहे तो अनामिक नाही. लेखनाचा आणि ते वाचल्याचा, असे दोन्ही दिनांक नोंदवावेत, आणि मजकुराची प्रत प्रबंधाला जोडावी. त्या नावाचे किमान चार-पाच लेख विद्यार्थ्याने वाचले आहेत काय, हे मौखिकीत जरूर विचारावे. आणि लेखकाने स्वतः सांगितले नसेल तर त्याचे कागदोपत्री नाव शोधून छापण्याचा उद्योग संशोधन म्हणून खपवू नये. शांता शेळके यांनी सेन्सॉर बोर्डावर काम करीत असताना काही गीते 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली, हे आज आपण कौतुकाने सांगतो. पण त्या काळी त्या नावाची त्यांना गरज होती, आणि ती गरज संपली की नाही हे ठरवण्याचा हक्क इतर कोणाचा नव्हता.

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. या दोहोंत अंतर एका मात्रेचे आहे. टोपणनावांच्या बाबतीत आपण दुसऱ्या कामात जरा जास्तच वेळ घालवला आहे. नाव बाजूला ठेवून, दुपारी खोडलेली ती नोंद विद्यार्थ्याकडून परत मागवावी आणि त्या नोंदीमागचा लेख एकदा वाचून पाहावा. तो वाईट असेल तर वाईट म्हणून खोडावा. याविषयी वेगळा अनुभव असलेल्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपली मते अवश्य मांडावीत. ती कोणत्या नावाने मांडायची हे अर्थातच त्यांनी ठरवावे.